सतरा सेंटिमीटर

पोर्तोच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसतो मी,
बावीस वर्षं झाली. "सहा पूल, पन्नास मिनिटं"
हे मी झोपेतही बोलतो, असं बायको म्हणते.

देओलिंदा आली ती फेब्रुवारीतल्या एका सोमवारी.
नदीवर धुकं, गिऱ्हाईक औषधालाही नाही.
मी माहितीपत्रक पुढे सरकवलं, गुळगुळीत कागद,
त्यावर हसणारी म्हातारी जोडपी, साऱ्यांचे दात शाबूत.
तिनं ते पालथं घातलं आणि विचारलं,
"पायऱ्या किती?"
असतील थोड्या.
"थोड्या म्हणजे किती, बाळा?"
बाळ त्रेपन्न वर्षांचं. त्याला सांगता येईना.

मंगळवारी ती टेप घेऊन आली,
शिवणाची, पिवळी, आकडे पुसट झालेली.
चाळीस वर्षं तिनं नवरदेवांच्या बाह्या मोजल्या,
आता ओल्या फळ्यांवर गुडघे टेकून
बोटीचा काठ मोजत होती.
"तेवीस," ती म्हणाली,
डॉक्टर रिपोर्ट वाचतात त्या आवाजात.
"आबिलियूचा पाय सतरा उचलतो.
तोही सकाळी, गोळी लागू पडल्यावर.
त्याच्या वर काही दिसलं की घोड्यासारखा बुजतो."

बुधवारी मी तिला मोठं जहाज दाखवलं.
तीन मजले. लिफ्ट आहे, मी छाती फुगवून सांगितलं.
लिफ्ट होती.
लिफ्टपर्यंत जायला दोन पायऱ्या होत्या.
आधी ती हसली, मग मी. कप्तान नाही हसला.
संडासाचं दार अठ्ठावन्न, चाकाची खुर्ची त्रेसष्ट.
"या पाच बोटांपायी," ती टेप गुंडाळत म्हणाली,
"माणूस पाणी प्यायचं सोडतो. कळेल तुला."

गुरुवारी तिनं काहीच मोजलं नाही.
बाकावर बसून पाव खाल्ला, पाण्याकडे बघत राहिली.
सकाळी धक्क्यावरून बोटीत उतरणारी फळी
घसरगुंडीसारखी तिरपी होती.
दुपारी तीच फळी आडवी, निवांत,
तिच्यावर पेला ठेवला तरी सांडला नसता.
समुद्र इथून जवळ आहे, नदीला भरती येते,
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
तिकिटाशी त्याचा संबंध तेवढा कधी लावला नव्हता.
ती खिडकीशी आली.
"बोट नाही रे निवडायची. वेळ निवडायची."

मग भरतीचं कोष्टक काढलं, दोघांनी चष्मे लावले.
पुढचा मंगळवार, अकरा चाळीस. बोट 'काझिमीरा',
आमच्यातली सर्वांत लहान, वाइन नाही, भोंगा नाही,
कुणी तिचा फोटोसुद्धा छापत नाही.
काठ साडेसतरा.
"अर्धा माझ्याकडे लागला," ती म्हणाली.

मंगळवारी आबिलियू आला, इस्त्रीचा कोट, थरथरता हात.
तिनं फळीच्या टोकाशी चटई अंथरली,
चार पदरांची, घरी शिवलेली,
मधोमध लाल पट्टी.
तो थिजला. मागे रांग थिजली.
ती त्याला चल म्हणाली नाही,
फक्त बोटानं पट्टी दाखवली.
जन्मभर ट्राम चालवलेला माणूस,
त्याला रेघ दिसली की पुढे जाणं माहीत होतं.
पाय उचलला. गेला.

दुसऱ्या पुलाच्या आधीच त्याला झोप लागली,
तोंड उघडं, टोपी एका कानावर.
उरलेले चार पूल त्याच्या डोक्यावरून गेले.
परत आल्यावर मी ओशाळून म्हणालो,
पैशांचं काही बघू का?
"कशाला? ऑक्टोबरपासून
सलग इतका झोपला नव्हता," ती म्हणाली.
"पुढची भरती किती वाजता?"

त्या रात्री बायको झोपल्यावर
मी आमच्या न्हाणीघराचा उंबरठा मोजला.
एकवीस.
पुन्हा मोजला.