दोन नग

वजीर मिस्त्रीनं रुमालाची गाठ सोडली
आणि माझ्या लेथवर एक बुश ठेवला,
लेकराचा पडलेला दात ठेवावा तसा.
"घिसला, भाऊ. विलायतेत मिळतो म्हणे.
पण विलायत लई लांब, अन् शेठला रविवारी
भोकरदन नाक्यापर्यंत जायचंय."

त्याला एकोणीस वर्षं झाली.
गाडी तीच. दोन शिटांची, बुटकी,
दार इतकं खाली की बसल्या जागेवरून
हात घालून रस्त्यावरचा खडा उचलावा.
कासलीवालांच्या आजोबांनी, कापसाला भाव आला त्या साली,
हैदराबादेहून चालवत जालन्याला आणलेली.
कापूस गेला, प्रेस गेली,
ही राहिली, तेल गाळत.

तिच्या नटाला बाराचा पाना जात नाही,
तेराचा नुसताच फिरतो.
मापच वेगळं, गोऱ्यांच्या काळचं.
शेवटी पाने सापडले जुन्या जिनिंगच्या भंगारात,
किलोच्या भावानं.
सरकी काढणारं इंजिन अन् ही,
दोघींचे नट एका मापाचे निघाले.

लाकडी सांगाड्याला वाळवी लागली तेव्हा
बैलगाड्या करणारा रंगनाथ सुतार आला,
ठोकून बघत म्हणाला, "बाभूळ घालू.
मग रस्ता मोडंल, ही नाही मोडायची."
चाकांच्या तारा सायकलवाल्या अन्वरनं ताणल्या,
एकेक वाजवून, कान लावून.
मे महिन्यात पेट्रोलची वाफ होते,
मग पंपावर ओलं फडकं.
नळाला पाणी बाराव्या दिवशी
आणि रेडिएटरला सात लिटर.
शेठाणी तांब्यानं मोजून देते,
काहीच बोलत नाही.

रंग खरवडला तर लालाखाली पांढरा,
पांढऱ्याखाली हिरवा,
त्याच्याखाली शेंदरी प्रायमर,
त्यात कुणाच्या तरी बोटाचा ठसा.
आम्ही तिथंच थांबलो.

आता एक सांगतो, वजीरलाही माहीत नाही.
मी प्रत्येक पार्ट दोन करतो.
पहिल्या वेळी सवय म्हणून केला,
एक चुकला तर हाताशी असावा.
चुकला नाही. मग दुसरा
ग्रीसच्या कागदात गुंडाळून, वर तारीख टाकून,
घरी माळ्यावर.
तसेच मग पुढचे. पिना, वॉटरपंपाचा दांडा,
व्हॉल्व्हच्या गाईड, किंगपिन,
स्पीडोमीटरच्या केबलचं टोपण,
एक गिअर, जो कापायला आठ रात्री लागल्या
आणि त्या रात्री बिलात लावल्या नाहीत.

पदमीन म्हणते, "माळा वाकू राहिला.
एखाद्या रात्री खाली उतरंल तुमचं ते,
हॉर्न वाजवत."
मी पडल्या पडल्या मोजतो.
चेसिस नाही. इंजिनाचा ब्लॉक नाही. चाकं नाहीत.
दारं तर नाहीतच.
पण तिच्यात जे जे झिजतं
ते सगळं वर आहे, न झिजलेलं.

मागच्या महिन्यात पुण्याचं गिऱ्हाईक आलं,
पांढरे हातमोजे घालून बॉनेट उघडलं,
विचारलं, "यात ओरिजिनल काय उरलंय?"
शेठनं चष्मा काढून पुसला.
वजीर म्हणाला, "गळती साहेब.
ती पहिल्यापासूनची."
गिऱ्हाईक हसलं नाही.
मोजे काढून खिशात घातले अन् गेलं.

काल वजीर परत आला.
हात थरथरतात आता, गाठ सुटेना,
मी दातानं सोडली.
तोच बुश. एकोणीस वर्षांपूर्वीचा, माझाच.
"घिसला, भाऊ."
मी म्हणलं, उद्या ये.

रात्री स्टुलावर चढून पहिली पुडी काढली.
तारीख पुसट, ग्रीस वाळून मेण झालेलं.
रॉकेलनं धुतला, मायक्रोमीटर लावला.
बरोबर.
सकाळी वजीरच्या रुमालात बांधून दिला.
त्यानं विचारलं नाही, रातोरात कसा झाला.

मग शटर अर्धं ओढलं,
गनमेटलची कांडी चकमध्ये धरली.
वरची जागा भरायला एकच पुरला असता.