घर ओढलं तेव्हा

ध्यानीमनी नसताना, सत्तेचाळिसाव्या वर्षी
मला मुलगी झाली असं मी सांगते.
खरं तर झाली नाही. राहिली.

यानेत साल्मनच्या कारखान्यात मासे चिरायची,
माझ्या मागच्या खोलीत भाड्याने असायची.
एका मंगळवारी पहाटेच्या बोटीने गेली,
चार दिवसांत येते म्हणाली.
चुलीजवळ लाकडांच्या पेटीत
अकरा दिवसांचं बाळ,
टेबलावर दोन महिन्यांचं भाडं, सुट्ट्या नाण्यांसकट.
चार दिवस मी मोजले.
मग मोजायचं सोडलं.

पदरात पडलं म्हणावं, तर मला पदर कुठला?
एप्रन होता, खवल्यांनी कडक झालेला.
तोच धुतला, दोनदा.

मला जाळी सांधता येत होती,
बटाट्याच्या नऊ जाती अंधारात हाताने ओळखता येत होत्या.
रडणं ओळखता येत नव्हतं:
भुकेचं कुठलं, पोटातल्या वाऱ्याचं कुठलं,
आणि कुठलं नुसतंच, माझ्यासारखं.
शेजारची दोमितिला रात्री यायची,
बाटली स्वतःच्या गालाला लावून बघायची
आणि एक अक्षर न बोलता परत जायची.

बापाने जमीन भावाला दिली होती, घर मला.
तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.
नोल्बेर्तो कुंपणापाशी येऊन म्हणाला,
कुणाचं तरी पोर, माझ्या जमिनीवर नको.
टोपीसुद्धा न काढता म्हणाला.
मी म्हटलं, बरं. जमीन ठेव.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं.
माझं सहा खिडक्यांचं, पावसाने राखाडी पडलेल्या फळ्यांचं,
ते सोळा बैलांनी ओढत पुळणीवर आणलं.
चिलोएत माणसं अशा कामाचे पैसे घेत नाहीत,
जेवतात मात्र.
दोन मेंढ्या गेल्या, सफरचंदाच्या दारूचं एक पिंप गेलं,
बटाटे किती सोलले ते माझ्या अंगठ्याला विचारा.

ओहोटी होती. घराला रिकामी पिंपं बांधली
आणि सगळे भरतीची वाट बघत बसले.
आम्ही दोघी आत झोपलो, नको नको म्हणत असताना.
तीनच्या सुमाराला पाणी फळ्यांखाली आलं,
घर एकदा हललं.
ती रडायची थांबली. मी सुरू झाले.

सकाळी रुपेर्तोच्या लाँचने दोर घेतला.
पलीकडे दोमितिलाच्या माहेरचा एक तुकडा होता,
दगडाळ, पण कुणी विचारणारं नव्हतं.
खाडीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं.
अर्धा तास आम्ही कुठल्याच गावच्या नव्हतो.
रुपेर्तो इंजिनात डोकं घालून ओरडला,
बाळाचं नाव काय गं, एर्मिंदा?
मी आजवर तिला 'ही' म्हणत आले होते.
दोमितिला, मी म्हटलं.
मागच्या होडीत माझी चूल मांडीशी धरून बसलेली बाई
पहिल्यांदाच बोलली:
एवढंसं पोर, एवढं जड नाव?
मग नाक पुसलं तिने, बाहीने.

घर उलटं बसलं.
जी खिडकी डोंगराकडे होती ती समुद्राकडे झाली,
कित्येक महिने मी सकाळी चुकीच्या दिशेला उजाडायची वाट बघायचे.
चौकट तिरकी झाली. दार तेव्हापासून नीट लागत नाही,
अंगठ्याने जरा उचलून ओढावं लागतं.

यानेत आली, पोर नऊ वर्षांची असताना.
आधी जुन्या जागी गेली.
तिथे पायाचे दगड, मधे गवत.
नोल्बेर्तोने पाण्यापलीकडे बोट दाखवलं म्हणे,
आणि तिला स्वतःच वल्हवत सोडलं.
वर आला नाही.

ती टेबलाशी बसली, कोट न काढता.
पोरीने विचारलं, कोण?
मी म्हटलं, जुनी भाडेकरू.
मग घोट गिळला आणि म्हटलं, तुझी आई.
तिने दोघींकडे पाहिलं, बराच वेळ.
चूल विझतेय, म्हणाली,
आणि लाकडं आणायला निघाली.

यानेत तिच्यामागे उठली.
दार ओढत राहिली, ओढत राहिली.
बाहेरून एका लहान अंगठ्याने ते जरासं उचललं.