सोळा किलो

ढेबे सर म्हणाले होते, आठ किलोपासून सुरू कर,
दर आठवड्याला दोन वाढव, पळायचं नाही, फक्त चालायचं.
मी अर्धंच ऐकलं.
पहिल्याच पहाटे सॅकमध्ये पाच किलो कणीक,
बारावीची फिजिक्सची दोन्ही पुस्तकं,
नळाच्या पाण्याने भरलेल्या चार बाटल्या
आणि तळाशी, आईला न विचारता, खलबत्ता.

कोपरखैरण्याहून निघाले, ठाणे-बेलापूर रोड ओलांडला.
एमआयडीसीच्या भिंतीलगत
औषधांच्या कारखान्याचा गोडसर वास,
दोन कुत्री फाटकापर्यंत सोबतीला.
गवळीदेवची चढण अजून लागलीही नव्हती
तोच खलबत्ता माझ्या माकडहाडाशी भांडायला उठला.

परत आले तेव्हा दोन्ही खांद्यांवर लाल वळ.
नेत्रा म्हात्रे हसली, दोन पट्ट्या!
नायक झालीस की गं, भरतीच्या आधीच.

आबा नुकतेच मार्केटातून आलेले.
अठ्ठावीस वर्षं कांदा-बटाट्यात.
त्यांनी सॅककडे पाहिलं
तिरकी थप्पी लावणाऱ्या नवख्या पोराकडे पाहतात तसं.
कुणी भरली ही?
मी गप्प.
चेन उघडून सगळं फरशीवर ओतलं त्यांनी.
"कांदा हलतो, बटाटा टोचतो, साखर मेल्यागत बसती.
आधी मालाला विचारायचं, बाबा, तू कसा बसणार?"

चादर तळाला गेली.
खलबत्ता टॉवेलात गुंडाळून वर,
खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध, पाठीला चिकटून.
"लांब ठिवलंस तर वडतंय मागं."
बाटल्या दोन्ही कुशींना सारख्या,
पितानाही एकदा डावी, एकदा उजवी.
उरलेल्या फटींत मोजे कोंबले.
"पोकळी ठिवू नगंस. पोकळीच हलती, माल न्हाय."
आणि कमरेचा पट्टा,
जो मला उगाच शोभेला लावल्यासारखा वाटायचा,
तो हाडावर आवळून बसवला,
तेव्हा खांदे अचानक
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे मोकळे झाले.

मग म्हणाले, आण इकडं, बघू.
उचलली, आणि सवयीने मान खाली घालून
थेट मानेमागच्या घट्ट्यावर टाकली.
पट्टे दोन्हीकडे लोंबत राहिले.
"ह्यात हात कुठनं घालत्यात?"
आबांना आयुष्यात पट्ट्यांची बॅग मिळालीच नव्हती,
शाळेतसुद्धा पिशवी होती कापडाची, चौथीपर्यंत.
मी त्यांचा एक हात धरून पट्ट्यात घातला, मग दुसरा,
बालवाडीतल्या मुलाला घालतात तसा.
ते स्वयंपाकघरापासून दारापर्यंत दोनदा चालले.
थांबले.
"लई सोपं करून ठिवलंय की ह्यांनी."
त्यात कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या आतून
जुन्या टॉवेलची घडी शिवलेली होती,
दाभणाने, नारिंगी सुतळीने, पोत्याच्या टाक्यात.

सहाव्या आठवड्यात सोळा किलो.
गाळ्यावरच्या काट्यावर आबांनीच जोखून आणले,
वर दोनशे ग्रॅम, ते म्हणे चिखलाचे.
चढणीला पावलं लहान, छातीची पट्टी जरा सैल,
दोन मोजे एकावर एक, तरी टाच सोललीच.
वर पोचल्यावर खाडी दिसते, ऐरोलीचा पूल दिसतो,
आणि आपण किती हळू आलो
हे मागून वर चढणाऱ्या पाणीवाल्या काकूंवरून कळतं.
त्यांच्या डोक्यावर हंडा, हातात मोबाईल.
ढेबे सरांनी सुतळी पाहिली, मिशीतून म्हणाले,
तिथे हे चालणार नाही, तिथे सरकारी सॅक.
माहीत आहे, सर.

परवा निघायचं.
ही सॅक इथेच राहील, दाराआडच्या खिळ्याला.
आई म्हणते, बाजाराला बरी पडेल, मजबूत आहे.
आणि म्हणते, बाकी काय न्यायचं ते ने,
खलबत्ता तेवढा आजच्या आज ओट्यावर ठेव.