पंपाजवळ उकिडवा बसलेला माणूस

नऊ मुलं. डोंगराच्या पोटात. आठवा दिवस.
देशाचं नाव शरयूला नीट उच्चारता येत नाही,
मलाही नाही; आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणतो.
तिकडे पाऊस आहे का, ती विचारते
पोळी तव्यावर टाकता टाकता,
पुण्याला मुलाला फोनवर विचारायची तसं : जेवलास का.

इकडे सुदामानगरात नळ एक दिवसाआड.
आषाढ लागला तरी तलावाचा तळ दिसतो,
आणि शेजारचे दुबेजी रोज संध्याकाळी गच्चीवर
आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटतात.
मी त्यांच्या बाजूला उभा राहतो.
पाऊस मागायची हिंमत होत नाही.
वरती आभाळ एकच असलं तर?

बत्तीस वर्षं मी पाणी चढवलं.
जलूदहून, नर्मदेच्या काठावरून,
विंध्य ओलांडून, सत्तर किलोमीटर,
इंदूरच्या टाक्यांत.
लग्नघरातून फोन यायचे, इस्पितळातून,
नगरसेवकाच्या मेहुण्याकडून : पाणी सोडा, पाणी सोडा.
कमी करा असं कुणी कधी म्हणालं नाही.
आता सोफ्यावर बसून मीच टीव्हीला सांगतो,
काढा. अजून काढा. रात्री थांबू नका.

बातम्यांत पाणबुडे दाखवतात, त्यांचे चष्मे, पाठीवरच्या टाक्या.
गुहेचं चित्र काढून लाल बाण फिरवतात.
बाई सांगते : ताशी एक सेंटिमीटर उतरतंय.
एक सेंटिमीटर म्हणजे काय ते मला विचारा.
म्हणजे डिझेल. म्हणजे गाळानं तुंबलेला फूटव्हॉल्व्ह,
आणि कंबरभर चिखलात शिरून
तो हातानं मोकळा करणारा कुणीतरी,
ज्याचं नाव खालच्या सरकत्या पट्टीत येणार नाही.
पंप किती हॉर्सपॉवरचे, एकही चॅनल सांगत नाही.
दुपारभर सगळे फिरवून पाहिले.

मग मंगळवारी रात्री
कुणा अधिकाऱ्याच्या मुलाखतीमागे, कोपऱ्यात,
तीनेक सेकंद, तो.
उकिडवा. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.
उजवा तळहात पंपाच्या अंगावर टेकवलेला,
डोळे कुठेच नाहीत.

शरयू, ये, हा बघ, हा बघ!
ती येईपर्यंत बनियनची जाहिरात.

गेंदालालनं शिकवलं होतं, माझ्या पहिल्या पावसाळ्यात :
मीटर खोटं बोलतं, साहेब.
मोटरचा ताप तळहातानं बघायचा, पोराचा बघतात तसा.
पुराच्या एका रात्री तो जॅकवेलमध्ये उतरला,
वर दोर धरून मी.
तीनदा ओढला की वर घ्यायचं, असं ठरलं होतं.
दोनदा ओढला.
तिसऱ्याची वाट बघत मी किती वेळ उभा होतो
ते चौकशीत विचारलं.
घरी कुणी विचारलं नाही.

पहिलं मूल बाहेर आलं तेव्हा इकडे पहाटेचे चार.
चंदेरी कागदात गुंडाळलेलं, नुसती पायाची बोटं दिसली.
दुसरं. तिसरं.
मग दुपारपर्यंत काही नाही, तोच बाण, तेच चित्र.
नळ आलाय, शरयू म्हणाली, मोटर लावा.
लावली आणि परत येऊन बसलो.
सहावं. टाकी भरून गच्चीवरून पाणी पडायला लागलं,
दुबेजी ओरडायला लागले. सातवं.
उठलो नाही.

नववं आलं तेव्हा तिकडे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले.
मी कोपरे शोधत होतो.
आत अजून पाणबुडे आहेत, मी म्हणालो,
इतक्यात पंप बंद करू नका.
कुणाला म्हणालो कोण जाणे.

मग मोरीत गेलो. अर्ध्या हॉर्सपॉवरची आमची मोटर
अजून चालूच होती, बिचारी.
तळहात ठेवला.
ठेवूनच बसलो, उकिडवा,
शरयू दारात येऊन उभी राहीपर्यंत.
तिनं काही विचारलं नाही. मग विचारलं :
किती वेळ उभे होतात हो, त्या रात्री?