पट्टी

सावद्याच्या केळी-गोदामात क्रेट सरकवून रिंग केलीय,
कोपऱ्यांना बांबू, घडांना टेकू देतात तेच.
लुकमान तडवी हात पुढे करतो.
मी पट्टी बांधतो, अंगठ्यापासून मनगटाकडे,
तीस वर्षं बांधतोय.
पूर्वी हात थांबायचा, पट्टी फिरायची.
आता पट्टी धरून थांबतो मी
आणि हात फिरत राहतो.

जळगावच्या डॉक्टरने डोक्याचा फोटो उजेडावर धरला:
हे बघा, इथे. आणि इथेही.
लुकमान म्हणाला, एवढं आभाळ आलंय होय आत.

लोको शेडात त्याला अजून चॅम्पियन म्हणतात.
चहा निम्मा बशीत सांडतो,
मग तो बशीच पितो.

परवा घरी म्हणून निघाला
आणि पंधरा बंगल्यात, कधीच सोडलेल्या क्वार्टरचं
दार ठोठावत राहिला.
नव्या बाईने पाणी दिलं, बसा म्हणाली.
डावा हूक मात्र हरवत नाही.
तो कुठे ठेवलाय ते खांद्याला माहीत आहे.

समोरचा पोरगा चोपड्याचा, बाविशीचा.
मघाशी पाया पडून गेला.
मी त्याला क्रेटांमागे नेऊन सांगितलं,
डोक्यावर नको, बरगडीवर मार.
लुकमानला कळलं तर आधी मलाच पाडेल.

जिंकला तर पाच हजार. हरला तरी तीन.
"घट्ट बांध ना भो."
बांधतो.

घंटीऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा वाजतो.
"कितवी फेरी?" तो विचारतो.
पहिलीच, म्हणतो मी,
आणि दातांचं रबर त्याच्या तोंडात घालतो.