पाण्यात पाहणं

सँडस्की, ओहायो. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची खोली,
दोन बोटी, त्यातली एक चालू.
कपाटात इर्मा झीबार्थच्या एकतीस वह्या.

दर मंगळवारी ती दोरीला बांधलेली तबकडी
ईरी सरोवरात सोडायची,
दिसेनाशी झाली की गाठी मोजायची.
एवढंच.

१९६४. दोन गाठी.
समासात पेन्सिलीनं: "गावाचे कपडे मात्र शुभ्र निघतात."
१९६७. "किनाऱ्यावर मासे. मोजणं सोडलं.
वासाला आकडा नसतो."
मग साबण बदलला, कायदा आला,
तबकडी वर्षाकाठी एखादी गाठ खाली उतरू लागली
आणि इर्माचं अक्षरही जरा सैल झालं.

१९८२ च्या वहीत नुसत्या तारखा.
मला वाटलं, आजारी असेल.
नव्हती. बोटीच्या पेट्रोलचे पैसे थांबले होते.
त्या उन्हाळ्यात पाण्याचं काय झालं
कोणालाच ठाऊक नाही;
अहवालात छापलं गेलं, "विशेष बदल नाही."

१९९१. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले
नखाएवढे पट्टेरी शिंपले
सरोवर गाळून पीत बसलेले.
तबकडी दिसतच राहिली, दोरी संपली.
इर्मानं परसातली कपडे वाळवायची दोरी
सोडून आणली, जोडली.
गाव खूश: काय काचेसारखं पाणी!
तिनं लिहिलं, "नितळ नाही. उपाशी आहे."

आमच्या भाषेत
पाण्यात पाहणं म्हणजे एखाद्याचा दुस्वास करणं.
ही बाई एकतीस वर्षं पाण्यात पाहत होती
आणि तिनं कोणाचाही दुस्वास केला नाही,
पेट्रोल अडवणाऱ्याचासुद्धा.
मला ते जमेल असं वाटत नाही.

कारण यंदा ऑगस्टमध्ये पाणी
रंगाच्या डब्यासारखं हिरवं,
नळांवर चिठ्ठ्या: पिऊ नका, उकळूनही नका.
आणि त्याच आठवड्यात मला पत्र:
मापन कार्यक्रमाची "पुनर्रचना" होत आहे,
वह्या खोक्यांत भराव्यात.

भरल्या. तिसावी आणि एकतिसावी सोडून.

मंगळवारी शेजारच्या डेलबर्टची होडी मागून घेतली.
तो म्हणाला, दिसतंय की हिरवं, मोजायचं काय त्यात?
मी वल्ही मारत राहिले.

तबकडी पहिल्या गाठीच्या आतच गेली.
एकतिसाव्या वहीत मागची चार पानं कोरी होती.
तारीख घातली. आकडा घातला.
समासात, पेन्सिलीनं:
"होडी उसनी."