झालर

इग्लूलिकच्या शाळेमागच्या खोलीत
काचेवर तीन केस.
लांडग्याचे खवले कौलांसारखे, एकावर एक.
कोल्ह्याच्या केसात रिकाम्या घरांची रांग.
अस्वलाचा तर पांढराही नाही,
नुसती पोकळ काचनळी;
आणि खाली कातडी तव्याच्या बुडासारखी काळी.

मी वहीत मायक्रॉन लिहितो.
उलायुक म्हातारी दातात सुई धरून ऐकते,
मग दार उघडते, वुल्व्हरिनचा तुकडा
ओठांशी नेऊन फुंकर घालते.
हिव धरतं. बोटानं झटकते: गेलं.
"आता लांडगा." त्याचं चिकटून बसतं.

"म्हणून टोपीला झालर याची.
हे दिसतं का तुझ्या यंत्रात?"

मी पुन्हा खवले मोजतो.

निघताना तिनं आणखी एक केस ठेवला,
राखाडी, नाव न सांगता.
गाभा तुटक, खवले बारीक.
सगळे तक्ते चाळले.
"यात नाही," मी म्हणालो, "हा मांसाहारी नाही."

ती हसली.
"होता की. आमचेच हे.
अस्वलामागे गेले बर्फावर.
टोपी तेवढी परत आली."